शंभर की दहा

परीक्षेच्या दिवशी कॉलेजच्या परिचर मावशीला रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये पाऊल टाकायची मनाई होती आणि तिला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. चोवीस टेबलं तिने आदल्या दिवशीच मांडून ठेवली होती. प्रत्येकावर एक ब्युरेट, एक पिपेट, दोन चंबू, आम्लाची बाटली, कॉस्टिक सोड्याची बाटली आणि एक ड्रॉपर. दहाच्या ठोक्याला बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी लॅबचं दार लावून घेतलं, आणि मावशी समोरच्या स्टोअररूममध्ये आपल्या स्टुलावर जाऊन बसली. बोलावलं तर जायचं, नाहीतर गप बसायचं. अकरा वर्षं ती हेच करत आली होती.

फरक एवढाच की एरवी स्टुलावर बसून ती स्वेटर विणायची आणि यंदा गणितं सोडवत होती. बारावी झाली तर तिला परिचर पदावरून प्रयोगशाळा सहायक होता येणार होतं, म्हणून चाळिशी उलटल्यावर तिने बाहेरून परीक्षेचा फॉर्म भरला होता. नणंदेने ऐकल्यावर विचारलं होतं की आता दप्तरही घ्यायचं का. नवरा काहीच बोलला नव्हता. तो शिलाई मशीन दुरुस्त करायचा, आणि बोलण्यापेक्षा संध्याकाळी कुकर लावणं त्याला सोपं वाटायचं. शिकवायला होती नववीतली लेक, आणि मास्तरीण म्हणून ती भलतीच कडक होती.

मिश्रणांचा धडा मावशीला सोपा गेला. वाळूतून लोखंडाचा कीस काढणं आणि मिठाचं पाणी आटवणं यात शिकायचं ते काय. अभिक्रियांची समीकरणं दोन्ही बाजूंनी जुळवायलाही ती शिकली. समतोलाचा धडा मात्र तिला तीनदा वाचावा लागला. दोन्हीकडून काम अखंड चालू असतं, जेवढं घडतं तेवढंच मोडतं, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की काहीच होत नाही. हे समजल्यावर ती म्हणाली, "म्हणजे आपलं घर," आणि लेक पोट धरून हसली.

तिचं घोडं अडायचं ते दशांश चिन्हाशी. रीत बरोबर, सूत्र बरोबर, आणि शेवटी उत्तर दहापट तरी यायचं, नाहीतर दहावा हिस्सा. "आई, तुझा पॉइंट परत फिरायला गेला," असं लेक म्हणायची. घरात त्याचं हसू व्हायचं आणि मावशीही हसायची. पण गेल्या वर्षी याच पॉइंटने तिचं कॉलेजात हसं केलं होतं. नानांच्या वहीतलं एक माप दहापट जास्त आहे असं तिने हिशेब करून भर वर्गात लॅबच्या सरांना सांगितलं होतं. सरांनी विश्वास ठेवला, प्रॅक्टिकल थांबवलं, महागडं द्रावण मोरीत ओतलं, आणि मग कळलं की माप बरोबर होतं, मावशीचाच पॉइंट सरकला होता. प्राचार्यांनी तिला लेखी मेमो दिला. वहीत लिहिलंय तेवढं करा, डोकं चालवू नका, असा त्याचा मतलब होता. आणखी एक मेमो मिळाला तर सहायकाच्या जागेसाठी शिफारस मिळणार नाही, हे कारकुनाने वरून ऐकवलं होतं.

नाना म्हणजे लॅबचे जुने परिचर, आठ वर्षं ती त्यांच्याच हाताखाली होती. तीन वर्षांपूर्वी निवृत्त होताना त्यांनी आपली वही तिच्या हातात ठेवली होती. कुठलं द्रावण कसं करायचं, किती घ्यायचं, कितीत मिसळायचं, सगळं मोठ्या, गोल अक्षरात. मेमो मिळाल्यापासून मावशी त्या वहीबाहेर एक थेंब इकडेतिकडे करत नव्हती. काल कॉस्टिक केलं तेही वही समोर उघडी ठेवूनच. स्टॉक, म्हणजे मूळचं तीव्र द्रावण, शंभर मिली, त्यात पाणी भरून एक लिटर. असं तीन लिटर केलं, चोवीस बाटल्यांत भरलं, आणि उरलेलं एका मोठ्या बाटलीत स्टोअरमध्ये ठेवलं.

तर आता स्टुलावर बसून तिने पुस्तकातला सातवा प्रश्न वाचला. दहा मोलर कॉस्टिक सोड्यापासून शून्य पूर्णांक एक मोलर द्रावण एक लिटर करायचं आहे, मूळ द्रावण किती मिली घ्याल? मावशीला आनंद झाला. ही गोष्ट आपण कालच या हातांनी केली, मग सोडवायचं कशाला, म्हणून तिने आधी उत्तर लिहून टाकलं: शंभर. मग लेकीच्या धाकाने रीतही लिहिली. आणि रीतीने उत्तर आलं दहा.

पॉइंट, असं म्हणून तिने ते खोडलं आणि पुन्हा केलं. पुन्हा दहा आलं. तिसऱ्यांदा तिने उलट्या बाजूने सुरुवात केली. हजाराचा दहावा हिस्सा शंभर, शंभराला दहाने भागलं की दहा. नानांचं चुकतं का? नाना जन्मात चुकले नव्हते. पुस्तक चुकतं का? मग तिची नजर प्रश्नातल्या पहिल्याच आकड्यावर गेली, दहा मोलर, आणि ती स्टुलावरून उठली.

खालच्या फळीवर स्टॉकचा कॅन होता. तिने तो काल दोन्ही हातांनी उचलला होता, पण त्याच्यावरच्या चिठ्ठीकडे बघितलं नव्हतं. नानांचा कॅन अर्धी फळी व्यापायचा. हा लहान होता. सुट्टीत सरांनी जागा वाचावी म्हणून स्टॉक नव्याने केला होता, हे तिला ठाऊक होतं, त्यासाठी फळी पुसून तिनेच दिली होती. तिने कॅन उजेडाकडे फिरवला. सरांच्या बारीक अक्षरात चिठ्ठी होती: कॉस्टिक सोडा, दहा मोलर. नानांचा होता एक मोलर, म्हणजे याच्या दहाव्या हिश्श्याच्या ताकदीचा. वही मात्र तीच होती, आणि पानही तेच.

तिने फळीला धरून घड्याळ पाहिलं. दहा वाजून नऊ मिनिटं झाली होती.

सुरुवातीची वीस मिनिटं मुलं कागदावर कृती लिहीत. मग पिपेट उचलत. आणि या कॉलेजात पिपेट तोंडाने ओढायची पद्धत होती. पिपेटला लावायचे रबरी फुगे पाच होते, त्यातले तीन फाटके, आणि उरलेले दोन कपाटात कुलूपबंद, कारण तेही फाटले असते. काचेच्या नळीचं टोक द्रावणात बुडवायचं, दुसरं टोक ओठात धरायचं आणि खुणेच्या वरपर्यंत हलकेच ओढायचं. सराईत माणसाच्या तोंडात थेंब जात नाही. पण परीक्षेला बसलेलं पोर सराईत नसतं, भेदरलेलं असतं, आणि भेदरलेला माणूस जोरात ओढतो. दरवर्षी चोवीसातल्या दोघातिघांच्या तोंडात जायचं. ती पोरं थुंकायची, चूळ भरायची, तोंड वाकडं करायची आणि पुढच्या कामाला लागायची. पातळ कॉस्टिकने तेवढंच व्हायचं.

काल केलेलं त्याच्या दहापट होतं. तुंबलेल्या मोरीतली चरबी कॉस्टिकने कशी सुटते ते मावशीने पाहिलं होतं. एकदा तिच्या बोटाला लागलं, तर कातडी आधी बुळबुळीत झाली आणि मग पांढरी पडून सोलली होती. बोटावरची जाड कातडी जर तशी जाते, तर जीभ आणि घसा म्हणजे काय. चोवीस तोंडं तिच्या डोळ्यांपुढे आली, आणि त्यातली अर्धी तिला नावाने ठाऊक होती.

तरी तिचे पाय दारापर्यंत जाऊन अडले. हे मान्य करायला हवं, कारण पुढे सगळ्यांनी तिला धीराची म्हटलं आणि तिने एकदाही ते कबूल केलं नाही. तिला मुलांची भीती वाटत होती तशी स्वतःचीही वाटत होती. आपली चूक ठरलेलीच आहे, दहाच्या पटीतली. आणि हा फरकही दहाच्याच पटीतला आहे. आपल्याला जे दिसतंय ते खरं आहे की आपला पॉइंट फिरायला गेलाय? वार्षिक परीक्षा, बाहेरच्या मॅडम, आणि ती पुन्हा भर वर्गात उभी राहून सांगणार की माप चुकलंय. पुन्हा चुकली तर शिफारस गेलीच, कदाचित नोकरीही.

तिने दार वाजवलं. सर बाहेर आले, मागे दार ओढून घेत. तरुण होते, अजून कायम झालेले नव्हते, आणि मॅडमच्या धाकाने त्यांच्या कपाळावर घाम होता. मावशीने वही, कॅन, शंभर, दहा सगळं एका दमात सांगितलं, आणि दमाने सगळ्याचा काला झाला. सरांना त्यातलं एकच नीट ऐकू आलं, की मावशीने हिशेब केलाय.

"मावशी," ते हळू आवाजात म्हणाले, "परत पॉइंट सरकला असेल. तुम्ही वहीप्रमाणेच केलंय ना?"

"वहीप्रमाणेच केलंय, सर. म्हणून तर."

"मग झालं. मॅडम आधीच नाराज आहेत. आता दार वाजवू नका."

ते रागावले नव्हते. खांद्यावर हात ठेवल्यासारखं बोलले आणि आत गेले. रागावले असते तर बरं झालं असतं, तीही भांडली असती. त्या समजुतीच्या सुरापुढे तिला स्वतःचंच खरं वाटेना. ती स्टोअरमध्ये परत आली. दहा वाजून चौदा मिनिटं. चौथ्यांदा गणित करावं म्हणून तिने पेन्सिल उचलली, पण उत्तर काहीही आलं तरी आपल्याला ते खरं वाटणार नाही, हे तिला कळून चुकलं.

आकडे गेले खड्ड्यात, असं ती मोठ्याने म्हणाली. अकरा वर्षं तिने या प्रयोगाची भांडी धुतली होती. तिला गणित येत नसेल, पण प्रयोग कसा दिसतो ते तिच्याइतकं कुणी पाहिलेलं नव्हतं. चंबूत कॉस्टिक, त्यात फिनॉल्फ्थॅलिन, की झाला गुलाबी रंग. वरून ब्युरेटमधून आम्ल सोडायचं, की रंग गेला. दोन्ही सारख्याच ताकदीची करतात, म्हणून दहा मिलीला दहा मिली लागतात. मग एका थेंबाला एक थेंब लागायला हवा. थेंबात कसला आलाय पॉइंट?

आम्लही उरलेलं होतं आणि कॉस्टिकही. तिने परीक्षानळीत बोटभर पाणी घेतलं, उरलेल्या कॉस्टिकचा एक थेंब टाकला, फिनॉल्फ्थॅलिन टाकलं. पाणी गुलाबी झालं. ड्रॉपर धुऊन आम्ल भरलं आणि एक थेंब सोडला, नळी हलवली. गुलाबी तसाच. मनात म्हणाली, थेंब लहान पडला असेल. दुसरा. गुलाबी. तिसरा. गुलाबी, जराही फिका नाही. चौथा थेंब पडला तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण दहा मोजायला बसलोय. कशाला? बरोबर असतं तर पहिल्यालाच रंग गेला असता. घड्याळात दहा वाजून एकोणीस मिनिटं झाली होती आणि हुशार मुलं वीस मिनिटं थांबत नाहीत.

तिने नळी तशीच टाकली. काच फुटल्याचा आवाज तिला पाठीमागे ऐकू आला. लॅबचं दार तिने वाजवलं नाही, ढकललंच.

आत टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता होती. बहुतेक माना कागदावर होत्या. चार-पाच जण उभे होते, पिपेट हातात. खिडकीजवळच्या टेबलापाशी वर्गातली सगळ्यात उंच मुलगी नळी ओठात धरून डोळे बारीक करून खूण बघत होती.

"तोंडातून काढा," मावशी ओरडली. "कुणी ओढू नका. खाली ठेवा सगळ्यांनी."

तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. मुलं दचकली. आणि उंच मुलगी दचकली तीही नळी ओठात असतानाच, त्यामुळे तिने जो श्वास घेतला तो त्या नळीतूनच घेतला. मावशीने ते पाहिलं. मुलीच्या हातून पिपेट सुटलं, तिचे दोन्ही हात तोंडावर गेले.

पुढची दहा मिनिटं मावशीने त्या मुलीचं डोकं बेसिनवर धरून ठेवलं. नळ पूर्ण सोडला होता. थुंक, गिळू नकोस, चूळ भर, थुंक, गिळू नकोस, एवढंच ती म्हणत होती. मुलीची जीभ एका बाजूला पांढरी पडली होती आणि खालचा ओठ सुजत चालला होता. गिळलं का, असं मावशीने तीनदा विचारलं आणि तीनदा तिने मान हलवून नाही सांगितलं. मावशीच्या ओरडण्याने ती दचकली नसती तर कदाचित थेंबही गेला नसता, हे मावशीला तिथेच, नळाखाली कळलं, आणि ते तिने कुणाला सांगितलं नाही. दचकली नसती तर उरलेल्या तेवीसजणांनी पाच मिनिटांत नळ्या ओठांत धरल्या असत्या, हेही तितकंच खरं होतं. पण हातात डोकं होतं ते एकाच मुलीचं.

चूळ भरता भरता ती मुलगी काहीतरी बोलली. मावशीने कान जवळ नेला.

"माझी परीक्षा?"

"तुझी परीक्षा गेली चुलीत. थुंक."

डॉक्टरांकडे तिला ऑफिसातल्या बाईंनी नेलं. पाऊण तासाने फोन आला. घशापर्यंत गेलेलं नव्हतं. जीभ आणि ओठ भाजले होते, आठवड्यात भरून येतील म्हणाले. मावशी फोनजवळच्या खुर्चीत बसली आणि तिला एकदम रडू फुटलं, तेही आवाज न करता, पदर तोंडात कोंबून.

दरम्यान लॅबमध्ये परीक्षक मॅडमनी कॅनवरची चिठ्ठी वाचली होती आणि नानांची वही वाचली होती. त्यांनी मावशीला बोलावून विचारलं, द्रावण कुणी केलं. मावशीने सांगितलं, मी. पान दाखवून सांगितलं, इथे लिहिलंय तसं. मॅडम सरांकडे बघत राहिल्या. सरांनी कॅनवरच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं.

"स्टॉक मी बदलला," ते म्हणाले. "वहीत दुरुस्ती करायची होती. राहून गेली. आणि मावशी मघाशी सांगायला आल्या होत्या. मी त्यांना परत पाठवलं."

मॅडमनी घड्याळ पाहिलं. परीक्षा रद्द केली तर मुलांचं वर्ष लांबेल, म्हणून बाराला नव्याने सुरू करायची असं ठरलं. चोवीस बाटल्या रिकाम्या करून भरपूर पाण्याने धुतल्या गेल्या. मग नवं कॉस्टिक करायची वेळ आली तेव्हा सरांनी माप हातात घेतलं, आणि पुन्हा खाली ठेवलं.

"तुम्ही करा, मावशी," ते म्हणाले. "मी नुसता उभा राहतो."

काल तिने तीन लिटर कॉस्टिक गाणं गुणगुणत केलं होतं. काल तिला काही माहीत नव्हतं, वहीला माहीत होतं. आज दहा मिली मोजताना ती मापाच्या खुणेशी डोळा लावून वाकली, सरळ झाली, पुन्हा वाकली. लिटरला दहा, तीन लिटरला तीस. तिने सरांना विचारलं, बरोबर? सर म्हणाले बरोबर, आणि त्यांच्या आवाजातही खात्री नव्हती. द्रावण झाल्यावर तिने एका थेंबावर एक थेंब टाकून पाहिला. रंग पहिल्याच थेंबाला गेला. तिने पुन्हा केलं. पुन्हा गेला. सरांनी दोनदा करून पाहिलं आणि मॅडमनी एकदा.

बाराला मॅडमनी सुरू करा म्हटलं. मुलांनी कृती पुन्हा लिहिली नाही, ती आधीच लिहिलेली होती. तेवीस पिपेटं तेवीस टेबलांवर आडवी पडलेली होती आणि एकही हात पुढे होईना. कुणी कागद सरळ करत होतं, कुणी ब्युरेटची तोटी उगाच उघडबंद करत होतं. खिडकीजवळच्या रिकाम्या टेबलाकडे सगळे बघायचे आणि नजर वळवायचे. द्रावण तीनतीनदा तपासलं आहे, असं सरांनी सांगितलं. मुलांनी माना डोलावल्या आणि तशीच बसून राहिली. ज्यांनी बिघडवलं तेच आता तपासलंय म्हणत होते, तर पोरांनी विश्वास तरी कुणाच्या जिवावर ठेवायचा? मॅडमनी फुग्यांविषयी विचारलं. सर म्हणाले, धड दोनच आहेत, तेवीसजणांना कसे पुरणार.

मावशीला या वेळी आत थांबायला सांगितलेलं होतं. ती भिंतीला टेकून उभी होती. रीत बरोबर होती. थेंब बरोबर होते. तिघांनी पाहिलं होतं. आणि तरी त्या तेवीसजणांइतकीच तीही त्या बाटल्यांना घाबरत होती, कारण काल संध्याकाळीही तिने त्या अशाच मांडल्या होत्या आणि काल संध्याकाळीही त्या अशाच स्वच्छ, पाण्यासारख्या दिसत होत्या.

ती पहिल्या टेबलाकडे गेली. तिथला मुलगा बाजूला सरकला. तिने पिपेट उचललं, टोक बाटलीत बुडवलं आणि दुसरं टोक ओठात धरलं. अकरा वर्षांत तिने हजारो पिपेटं धुतली होती, ओढलं एकही नव्हतं. ओठ इतके कोरडे होते की काच त्यांना चिकटली. सर एक पाऊल पुढे आले आणि थांबले. मावशीने डोळे मिटले आणि नवशिक्याने ओढावं तसं जोरात ओढलं.

कॉस्टिक तिच्या जिभेवर आलं. बुळबुळीत, कडवट, साबणाच्या पाण्यासारखं. ती थांबली. जळेल म्हणून वाट पाहत राहिली, पाच मोजले, दहा मोजले. जळलं नाही. तिने बेसिनमध्ये थुंकून चूळ भरली, तोंड पुसलं, आणि मग ते पिपेट धुऊन त्या मुलाच्या हातात दिलं.

"हळू ओढ," ती म्हणाली. "मी इथेच आहे."